खरं नाव, पूर्ण पत्ता

बाहेरच्या खोलीत माझा नवरा चहा पीत बसला होता आणि आत स्वयंपाकघरात मी ओट्याला पाठ लावून उभी होते. मधे एक दार होतं, तेही अर्धवट उघडं, कारण गडहिंग्लजच्या मगदुमांच्या घरात दारं लावून घ्यायची पद्धतच नव्हती.

"अंबाजोगाईहून आलोय साहेब," तो घरच्या धैर्यशीलला सांगत होता. "पत्ता बरोबर निघाला म्हणायचा. हल्ली इंटरनेटवरचं काय खरं असतंय?"

तोच आवाज. मऊ, आदबशीर, समोरच्याला ‘साहेब’ म्हणणारा. चारचौघांत विश्वजीत असाच बोलायचा आणि ऐकणारे माझ्याकडे वळून म्हणायचे, नशीब काढलंस बाई.

आक्कांनी, म्हणजे धैर्यशीलच्या आईनं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला साखरेचा डबा तसाच राहिला.

"काय झालं गं? कोण हाय त्यो?" त्या कुजबुजल्या.

मी डावा हात वर केला. त्याची दोन बोटं नीट मिटत नाहीत. दारात सापडली, असं मी त्यांना पूर्वी सांगितलं होतं. दार कुणी लावलं ते सांगितलं नव्हतं. आक्कांनी त्या बोटांकडे पाहिलं, मग दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि डबा आवाज न करता खाली ठेवला.

"हलू नको," त्या म्हणाल्या.

हलायचं होतं कुणाला?

तो तिथवर कसा पोचला ते आधी सांगायला हवं, नाहीतर गोष्ट कळायची नाही.

मी बार्शीची केतकी. लग्नात विश्वजीतनं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, राजलक्ष्मी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. पुढे प्रत्येक सरकारी कागदावर तेच नाव चढलं, आणि ‘केतकी’ हे नाव या घरात कुणी घ्यायचं नाही असं सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं. चार वर्षांनी मी ते घर सोडलं तेव्हा माझ्याजवळ एक लॅपटॉप होता आणि एक ओळखपत्र होतं. ओळखपत्रावर राजलक्ष्मी विश्वजीत देशमुख. नाव बदलून घ्यावं तर राजपत्रात जुनं नाव, नवं नाव आणि पत्ता सगळं छापून येतं. म्हणजे पळालेल्या बाईनं आपणच दवंडी पिटायची. मी बदललं नाही. गडहिंग्लजमध्ये एक खोली घेतली, लोकांना केतकी सांगितलं, आणि धैर्यशील मगदूमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागले.

धैर्यशील म्हणजे भला माणूस, पण पोटात काही राहायचं नाही त्याच्या. कुणाचं लग्न ठरतंय हे त्या घरच्यांच्या आधी तो सांगायचा. मला ताई म्हणायचा. फावल्या वेळात त्यानं एसटीच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप केलं होतं, त्याचं बघून मीही एक केलं. उखाण्यांचं. नवऱ्याचं नाव टाकायचं, ते बसवून अ‍ॅप उखाणे तयार करून देणार. नवऱ्यापासून लपलेल्या बाईनं बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायला शिकवावं, यातला विनोद मला कळत नव्हता असं नाही. पण काम छान जमलं होतं. आक्का माझ्या पहिल्या परीक्षक. अ‍ॅपमधला प्रत्येक उखाणा त्यांनी मोठ्यानं म्हणून पाहिला होता आणि निम्मे "हे काय, पाणी घातलेलं ताक" म्हणून मोडीत काढले होते. लग्नसराईत हजारो बायका ते अ‍ॅप वापरत होत्या. बनवणाऱ्याचं नाव म्हणून मी ‘पाटावरवंटा’ टाकलं होतं. मला तेवढं पुरेसं होतं.

मग नियम आला. ज्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून लोक अ‍ॅप घेतात, तिनं कळवलं की एकट्यादुकट्यानं अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येकानं सरकारी ओळखपत्र दाखवायचं. तपासणी झाली की खरं नाव आणि पूर्ण पत्ता अ‍ॅपच्या पानावर झळकणार, कुणालाही दिसेल असा. नाहीतर अ‍ॅप बंद.

धैर्यशीलला नियम पसंत होता. त्याच्या अ‍ॅपची नक्कल करून कुणीतरी लोकांना फसवलं होतं, शिव्या यानं खाल्ल्या होत्या.

"दुकान टाकलं की दारावर पाटी नको व्हय ताई?"

"पाटी दुकानाची लावतात. मालकीण कुठं झोपते त्याचा नकाशा लावत नाहीत."

"अगं पण आपण काय चोऱ्या करतोय? कर नाही त्याला डर कशाला?"

"ज्याला डर आहे त्यानंच काहीतरी केलंय, हे कुणी ठरवलं?"

"मग डर कुणाचा आहे ते तरी सांग."

मी सांगितलं नाही. त्याला सांगणं म्हणजे गडहिंग्लजच्या बाजारात भोंगा लावणं. मी कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं, की तुम्हाला फसवे लोक पकडायचे असतील तर कागद तुमच्यापाशी ठेवा, जगाला कशाला दाखवता? उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. मुदत संपत आली तेव्हा मी अ‍ॅप काढून टाकते म्हणाले. धैर्यशीलला ते सहन होईना.

"येडी का काय! माझ्या नावावर टाक की. माझं ओळखपत्र, माझा पत्ता. मला कोण खातंय?"

मला वाटलं, बरोबर आहे, याला कोण खातंय. उखाण्यांच्या पानावर मगदूम नाव दिसलं तर अंबाजोगाईच्या देशमुखांना त्याचं काय? मी हो म्हटलं.

मी विसरले होते ते एकच. त्या अ‍ॅपमध्ये माझ्या स्वतःच्या लग्नातला उखाणा होता. मीच जुळवलेला, म्हणून जिवाचा. इतर हजारांत टाकला तर कुणाला कळणार, असं वाटलं. पण तो उखाणा त्या मांडवात गाजला होता. सासूबाई तेव्हाच फणकारल्या होत्या, "सात पावलं पुरेत की, आठवं कशाला हवंय हिला?"

आणि आता बाहेरच्या खोलीत विश्वजीत मोबाइलवर तोच वाचून दाखवत होता.

"‘सात पावलं जोडीनं, आठवं माझ्या मनानं.’ माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात एका पोरीनं हा घेतला साहेब. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण हा आमच्या घरचा आहे. माझ्या बायकोनं स्वतः रचलेला. मी त्या पोरीला विचारलं, कुठून घेतलास? तिनं अ‍ॅप दाखवलं. खाली तुमचं नाव, तुमचा पत्ता. अगदी घर नंबरासकट."

"असंल," धैर्यशील म्हणाला. त्याच्या आवाजात गोंधळ होता. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. "उखाणे काय, इकडून तिकडून गोळा होतात. तुमच्या मिसेसचं नाव काय म्हणालात?"

"राजलक्ष्मी."

"राजलक्ष्मी नावाचं इथं कुणी नाही बघा. आमच्या ओळखीतच कुणी नाही."

हे तो इतक्या निर्मळपणे म्हणाला की क्षणभर मला त्या तांदळातल्या नावाचे आभार मानावेसे वाटले. माझं जे नाव विश्वजीतनं पुसलं होतं तेच इथं चालत होतं, आणि ते घ्यायची त्याच्या घरात बंदी होती. तो ते उच्चारणार नव्हता. त्याच्या लेखी ते नाव उरलेलंच नव्हतं.

"डोक्यानं थोडी हलकी आहे साहेब," विश्वजीत आणखी मऊ झाला. "औषधं चालू होती. घरातून निघून गेली. आईनं अन्न सोडलंय. मी काही तक्रार घेऊन आलो नाही. फक्त घेऊन जायचं आहे."

‘फक्त घेऊन जायचं आहे.’ ती दोन बोटं मोडली त्या दिवशीही तो दवाखान्यात डॉक्टरांना असाच म्हणाला होता, फक्त पट्टी बांधून घेऊन जायचं आहे.

"अरेरे," धैर्यशील म्हणाला. आणि त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, हेच भयंकर होतं.

"फोटो दाखवतो. कुठं दिसली असेल तर सांगा."

मी डोळे मिटले. पुढचं मला दिसतच होतं. धैर्यशील फोटो बघणार आणि त्याच्या तोंडातून निघणार, "अरेच्चा, ही तर आमची ताई!" त्याला वेळच लागणार नव्हता. परसात जायचं दार माझ्या उजव्या हाताला होतं, पण कडी गंजलेली, कुरकुरणारी. ती काढली की बाहेर ऐकू जाणार. मी कडीकडे बघत राहिले.

बाहेर काहीच आवाज आला नाही.

धैर्यशील मगदूम गप्प होता. मी त्या घरात येऊ लागल्यापासून अशी शांतता कधी ऐकली नव्हती.

"ओळखीची वाटते का?" विश्वजीतनं विचारलं. आवाजातला मऊपणा किंचित कमी झाला होता.

"अं? नाही... म्हणजे लग्नातला फोटो ना... दागिने, मुंडावळ्या... सगळ्या सारख्याच दिसतात."

"नीट बघा की."

"बघतोय."

"साहेब, तुम्हाला घाम आलाय."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "जरा हात धुतो," विश्वजीत म्हणाला. "चहा सांडला. मोरी आतच असंल ना?"

मोरी स्वयंपाकघरातच होती. माझ्यापासून हातभर अंतरावर.

"बाहेर नळ हाय!" धैर्यशील जवळजवळ ओरडला. "अंगणात. आतल्या मोरीला पाणी नाही."

आणि नेमकी तेव्हाच आतल्या मोरीत बादली भरत होती, नळाची धार वाजत होती. चौघांनीही ती ऐकली. आता काही लपवण्यासारखं राहिलं नाही, असं मला वाटलं.

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दार उघडलं आणि त्या बाहेर गेल्या. जाताना दार मागं ओढून घेतलं. मला फटीतून फक्त त्यांची पाठ आणि विश्वजीतचा एक खांदा दिसत होता.

"बसा की पाव्हणं, उठलासा कशाला? नळ माझ्यासाठी सोडलाय. बाईमाणूस आत न्हातंय-धुतंय तिथं परक्यानं जायचं नसतं. तुमच्याकडं जातात व्हय?"

"तसं नाही आई..."

"आन् त्यो उखाणा माझा हाय."

विश्वजीत हसला. "तुमचा?"

"मग कुणाचा? ह्या पोराला काय येतंय? दोन ओळी जुळवता आल्या असत्या तर अजून बिनलग्नाचा राहिला असता का? त्या अ‍ॅपमधी निम्मं माझं हाय. तुमच्या बायकोनं कुठनं तरी ऐकला असंल. उखाण्यावर काय कुणाचं नाव कोरलेलं असतंय?"

"आई, तो तिनं मांडवात माझ्यासमोर बसून रचलेला आहे." आता त्याचा खरा आवाज निघाला, खालचा, सपाट. "तुमचा असेल तर घ्या. तुमच्या मालकांचं नाव घालून घ्या, मी ऐकतो."

"ओ," धैर्यशील उठलाच. "काय बोलताय? माझे वडील जाऊन सहा वर्षं झालीत. दिसत नाही तुम्हाला?"

विश्वजीतला दिसत होतंच. आक्कांचं कपाळ मोकळं होतं. विधवा बाई उखाणा घेत नाही, कुणी तिला घ्यायला सांगतही नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की आक्का आपण होऊन उठून आत जायच्या, हे मी पाहिलं होतं. म्हणूनच त्यानं ते मागितलं. खोटं असेल तर बाई इथंच अडकेल, असा त्याचा हिशेब होता.

मला वाटलं, आता त्या मागं फिरतील, आणि फिरल्या असत्या तर मी त्यांना बोल लावला नसता. माझा हात दाराकडे गेला. मी बाहेर पडणारच होते. माझ्यापायी या बाईची अशी विटंबना नको, एवढं एकच डोक्यात होतं.

तेवढ्यात त्यांचा आवाज आला. खणखणीत, जणू मांडव भरलेला आहे.

"सात पावलं जोडीनं, आठवं माझ्या मनानं,
हिंदुरावांचं नाव घेते मोकळ्या कपाळी मानानं."

मी लिहिला होता तो ‘भर मांडवात मानानं’ असा. ‘मोकळ्या कपाळी’ त्यांनी तिथं उभ्या उभ्या घातलं. माझ्या त्या उखाण्याला इतका अर्थ होता हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

धैर्यशीलच्या हुंदक्याचा आवाज आला. तेवढा मोठा पुरुष लहान मुलासारखा रडत होता.

"झालं समाधान?" आक्का म्हणाल्या. "का आणखी काय घेऊ?"

विश्वजीत जागचा हलला. कसाही असला तरी तो त्याच रीतीभातीत वाढलेला होता. त्यानं जे करायला लावलं होतं ते त्याच्या घरच्यांनाही सांगायची सोय नव्हती.

"माफ करा आई," तो पुटपुटला. मग धैर्यशीलकडे वळला. "साहेब, तुम्ही खोटं बोलणारे दिसत नाही. शेवटचं सांगा. हिला ओळखता का?"

"नाही ओळखत," धैर्यशील म्हणाला. रडत होता, पण अडखळला नाही.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती लगेच गेली नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी थांबली, तिथं काहीतरी विचारपूस झाली असावी, मग गेली. मी तोवर मोरीच्या कडेला खाली बसले होते आणि बादली भरून पाणी वाहत होतं.

धैर्यशील आत आला. डोळे लाल. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "ताई, तुझं खरं नाव राजलक्ष्मी आहे?"

"ए!" आक्का कडाडल्या. "तिनं सांगितलं ते तिचं खरं नाव. आपण कोण विचारणार?"

त्यानं मान खाली घातली. मी तेव्हा मात्र सगळं सांगितलं, दाराचं, बोटांचं, पेढ्यांचंसुद्धा. ऐकून झाल्यावर तो उठला, लॅपटॉप आणला आणि म्हणाला, "काढून टाक. आत्ता. त्या पानावर आमचा पत्ता आहे तोवर तो परत येणार." मी ते अ‍ॅप माझ्या हातानं पुसलं. रडू आलं. हो, एका उखाण्यांच्या अ‍ॅपसाठी आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? नवऱ्याच्या घरातून बाहेर पडल्यावर मी स्वतःचं म्हणून उभं केलेलं ते पहिलं काम होतं, आणि ते विश्वजीतनं मोडलं नव्हतं. एका नियमानं मोडलं होतं, सभ्यपणे, मुदत देऊन.

आठवड्याभरात मी कोल्हापूरला खोली घेतली. आज घटस्फोटाचा निकाल हातात आहे म्हणून हे लिहिता येतंय. तेव्हा नुसतं खिडकीत उभं राहायचंही धाडस नव्हतं.

त्याच महिन्यात कोल्हापुरात कंपनीनं अ‍ॅप बनवणाऱ्यांची बैठक बोलावली. नव्या नियमाविषयी मोकळी चर्चा, असं म्हटलं होतं. आपल्या भागातर्फे नियमाच्या बाजूनं बोलायला धैर्यशीलनं आधीच नाव दिलं होतं. "तू ये," तो मला म्हणाला. "बहीण म्हणून नेतो. कुणी विचारणार नाही." मला त्यानंच मागून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसवलं आणि पुढं गेला.

कंपनीतर्फे सरपोतदार नावाचे गृहस्थ होते. गोड बोलणारे, मुद्देसूद. धैर्यशीलची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी बाजूनं बोलायला आलो होतो. विरोधात बोलणार आहे. तपासणी करा, पण माणसाचं नाव आणि पत्ता भिंतीवर लावू नका. एका बाईचा जीव त्यापायी जाता जाता राहिलाय. माझ्या डोळ्यांदेखत."

सभागृहात कुजबुज झाली. सरपोतदारांनी वही पुढे ओढली.

"हे गंभीर आहे. आम्ही नक्की लक्ष घालू. त्या बाईंचं नाव सांगा."

"नाव नाही सांगणार."

"मग गावाचं?"

"तेही नाही."

"अहो मगदूम," सरपोतदार समजुतीनं हसले, "नावाशिवाय तक्रार नोंदवून कशी घेणार? उद्या कुणीही उठून काहीही सांगेल. ती व्यक्ती इथं आहे का? असेल तर तिला बोलू द्या. आपण सगळे आपलेच आहोत."

माझ्या पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "रचलेली गोष्ट दिसते." दोघेचौघे हसले. मी खुर्चीच्या कडेवर सरकले. मी उठणारच होते. उठले असते तर सगळं खरं ठरलं असतं, नियमही कदाचित बदलला असता. तो पुढं बदलला नाही. पण दारापाशी दोन जण मोबाइलवर सगळ्या बैठकीचं चित्रीकरण करत होते.

"आहे का ती इथं?" सरपोतदारांनी पुन्हा विचारलं, आणि सगळं सभागृह धैर्यशीलच्या तोंडाकडे पाहू लागलं, तो आता कुणाकडे बघतो म्हणून.

धैर्यशीलचे कान लाल झाले होते. पोटात गोष्ट न राहणारा तो माणूस त्या सगळ्या हसण्यात बराच वेळ उभा राहिला, मग माईक परत दिला आणि खाली बसला. मी कुठं बसले आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मान वळवली नाही.